गोठ्यातला शंभरचा बल्ब

बिल आलं की आमचे काकाजी ओसरीवर बसून अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं ओरडतात, "लुटते बे, आपल्याले लुटते!" मागच्या महिन्यात १२८ युनिट आले. आणि त्यांच्या पाठीमागे गोठ्यात संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत शंभर वॅटचा पिवळा बल्ब ढणाढणा जळतोय.

बारा तासांचे १.२ युनिट. महिन्याचे ३६! तिथं १२ वॅटचा एलईडी लावला, तर उजेड जवळपास तेवढाच आणि महिन्याला सव्वाचार युनिट. बिल शंभर युनिटांच्या आत, म्हणजे वरच्या स्लॅबचा महागडा दरही लागत नाही. जुन्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडून दाखवला. उत्तर काय? "पांढऱ्या उजेडानं म्हैस बिचकते. दूध चोरते."

घ्या! आता म्हशीची परवानगी काढा.

बरं, एलईडी वाईट हे यांना कळलं कसं? तर वणीच्या बाजारातून तीस रुपयांचा आणला होता. खोक्यावर ना कंपनीचं नाव, ना सरकारी मानकाचा (बीआयएसचा) शिक्का, ना गॅरंटी. रात्री वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पार खाली जातं, बंद झाल्या की उसळतं. आतलं स्वस्तातलं सर्किट आठ दिवसांत जळालं. तेव्हापासून गावभर एकच टेप, "एलईडी टिकत नाही." अरे, तीस रुपयांची चप्पल तरी टिकते का तुमची?

वीज बनवायला कोळसा आमच्याच भागातला खणायचा, त्याची धूळ आमच्याच कपाशीवर बसायची, आणि त्या विजेची बल्बमध्ये बहुतेक नुसती उष्णता करायची. त्या बल्बला हात लावून पाहा, कातडं निघेल. वर कडबा चार हातांवर.

शेवटी मीच वरोऱ्याहून दोन वर्षं गॅरंटीचा आणला. मुद्दाम पिवळ्या उजेडाचा, ३००० केल्विनचा. म्हशीचा मान राखला म्हणा ना. परवा दिवेलागणीला स्वतः स्टुलावर चढून लावला. म्हशीनं मान वर करून पाहिलंही नाही, रवंथ करत राहिली. दूधही रोजच्याएवढंच.

काल संध्याकाळी गोठ्यात गेलो तर होल्डरात पुन्हा तोच शंभरचा. माझा एलईडी ढेपेच्या डब्यावर, खोक्यात नीट ठेवलेला.

"पोळ्याले लावू," काकाजी म्हणाले. "महागाचा हाये, उगाच कशाले जाळाचा?"