आधी उगराणी शिकवा

गेल्या आठवड्यात बडोद्यातल्या एका कॉलेजात उद्योजकतेचा नवा अभ्यासक्रम ठरवायची बैठक होती. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) माझं छोटं मशीन शॉप, म्हणजे यंत्रांचे भाग बनवायचं वर्कशॉप आहे, म्हणून इंडस्ट्रीतर्फे मला बोलावलं होतं. समोर मसुदा आला. कल्पना कशी शोधायची, बिझनेस मॉडेल कॅनव्हास, पिच डेक, गुंतवणूकदार, व्हॅल्युएशन. पानं उलटत मी 'उधारी' आणि 'उगराणी', म्हणजे त्या उधारीची वसुली, शोधत होते. ४५ तासांच्या कोर्समध्ये वर्किंग कॅपिटलला, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाला, १ तास होता.

मी उठून फळ्यावर एक हिशेब मांडला. इथेही मांडते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

५ लाखांची ऑर्डर. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ५,९०,००० चं. स्टील २,८०,००० चं, त्यावर कर ५०,४००. नवख्याला स्टीलवाला उधार देत नाही, तेव्हा हे ३,३०,४०० रोख. पगार, वीज, टूल्स, टेम्पो मिळून १,२०,०००. नफा चक्क १ लाख. आता गिऱ्हाईक पैसे देणार ९० दिवसांनी. जीएसटी मात्र बिल फाडलं की लागू झाला. स्टीलवर भरलेला कर वजा जाऊन उरलेले ३९,६०० पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचे, गिऱ्हाइकाकडून एक रुपया आलेला नसला तरी. म्हणजे १ लाख कमवायला ४,९०,००० आपल्या खिशातून गेले. तेवढ्यात तशीच दुसरी ऑर्डर आली तर आणखी ४,९०,०००. हातात ऑर्डरी असताना बंद पडलेली वर्कशॉपं मी मकरपुऱ्यात पाहिली आहेत.

माझंही दुसऱ्या वर्षी असंच अडकलं होतं. एका मोठ्या कंपनीला शाफ्ट दिले होते. फोन केला की अकाउंट्समधून एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." सात आठवडे गेले. ७ तारखेला आमच्या लेथवाल्या काकांच्या हातात मी अर्धाच पगार ठेवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे डबा घेऊन वेळेवर आले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच दिवशी गेटपास काढून मी अकाउंट्सच्या खिडकीसमोर जाऊन बसले. दोन तासांनी एका मुलीने कॉम्प्युटर उघडून दाखवला. त्यांच्या परचेस ऑर्डरमध्ये माल 'नग' लिहिला होता, माझ्या बिलात 'किलो'. दोन्ही जुळेनात, म्हणून बिल पडून होतं. कोणी मुद्दाम अडवलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. बिल पाठवायच्या आधी ऑर्डरशी ओळीगणिक ताडून बघायचं, हे मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

कायदा आपल्या बाजूने आहे, तोही शिकवा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण मी ते व्याज आजवर एकदाही मागितलेलं नाही, कारण मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल. कायदा एका तासात शिकवून होतो. तो कुठे वापरायचा, कुठे गप्प बसायचं, पुढचा माल कधी रोखायचा, यावर वर्गात चार-चार तास वाद व्हायला हवेत.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात तीन पिढ्या नोकरदार. कोणाकडे पैशासाठी तगादा लावायची आमच्याकडे लाज वाटायची. शेजारच्या गुजराती घरातली मुलं शाळेतून आली की दुकानात गादीवर बसायची. दहावीतल्या मुलालाही ठाऊक असायचं, कोणाला किती दिवस द्यायचे, कोणाकडे सकाळी जायचं आणि कोणाकडे जेवणानंतर. ते उघराणी म्हणतात, तीच आपली उगराणी. ज्याच्या घरी गादी आहे तो हे शिकूनच कॉलेजात येतो. ज्याच्या घरी नाही, त्याला विद्यापीठाने नाही शिकवलं तर कोण शिकवणार?

आणि हे आपल्याच गावात सांगावं लागतंय! महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, तेव्हा त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली मुलं रंगकाम, विणकाम, सुतारकाम प्रत्यक्ष करून शिकली. त्याच गज्जरांनी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासोबत १९०७ मध्ये अलेम्बिक ही कंपनी उभी केली. पुढच्याच वर्षी महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. हातातलं कौशल्य, कारखाना आणि त्याला लागणारं भांडवल, तिन्ही गोष्टी या शहराने अठरा वर्षांत जोडल्या होत्या.

सरस सरस्वती या प्राध्यापिकेने अमेरिकेत २७ मुरलेल्या उद्योजकांचा अभ्यास केला होता. ही माणसं नफ्याचा अंदाज बांधत बसण्याऐवजी आपल्याकडे काय आहे आणि किती बुडालं तर सोसेल, हे आधी पाहतात, असं तिला आढळलं. माझी सूचनाही तशीच होती. प्रत्येक गटाला ५,००० रुपयांची मर्यादा द्या. काहीतरी बनवा, एखाद्या दुकानदाराला उधारीवर विका, आणि सेमिस्टर संपायच्या आत पैसे वसूल करून आणा.

एका मॅडमनी रास्त शंका काढली. ज्याच्या वडिलांची ओळख आहे त्याचे पैसे लगेच येतील, मग मार्क कशाला द्यायचे? मला तिथे पटकन उत्तर सुचलं नाही. घरी येऊन विचार केला. मार्क वहीला द्यायचे. कोणाकडे कधी गेलो, काय उत्तर मिळालं, पुढच्या वेळी काय बदललं, हे तारीखवार लिहिलेलं असेल तर पैसे बुडाले तरी पूर्ण मार्क.

पुढच्या बैठकीला मी माझी त्या दुसऱ्या वर्षाची वही घेऊन जाणार आहे. बडोद्यात धंदा करणाऱ्यांनो, तुमचं पहिलं अडकलेलं बिल कशामुळे अडकलं होतं ते खाली लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त कारण. तेही सोबत नेईन.