लंडन–पॅरिस सव्वा तासात? कुठून कुठे, ते आधी सांगा

युरोप सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘लंडन ते पॅरिस फक्त ३४४ किलोमीटर. विमानाने सव्वा तास, ट्रेनने सव्वादोन तासांच्या वर. परतीला तर विमान पंधरा मिनिटांत पोचतं, कारण खाली पृथ्वी पूर्वेकडे फिरत असते. ट्रेनवर पैसे उडवू नका.’

आधी पृथ्वीचं बघू, कारण सगळ्यात जास्त वाहवा त्यालाच मिळतेय. तिकिटावर त्या-त्या शहराची स्थानिक वेळ छापतात. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. पॅरिसहून दहाला निघालेलं विमान लंडनला सव्वादहाला पोचलेलं दिसतं ते एवढ्यासाठीच; खुर्चीत तुम्ही सव्वा तासच बसता. जाताना दहाला निघालात तर सव्वाबारा वाजतात, ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतून उडतं. उलट तिथले वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, म्हणजे परतीला समोरून येतात.

३४४ हा आकडा बरोबर आहे, पण तो नकाशावर पट्टी ठेवून काढलेला, शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा. विमान उड्डाण करतं वाऱ्याला सामोरं जाऊन. त्यामुळे हीथ्रोवरून बहुतेक दिवशी पॅरिसचं विमानसुद्धा आधी पश्चिमेला, विंडसरच्या बाजूला चढतं आणि मग वळतं. परतताना लंडनवर गर्दी असली की बिगिन हिलसारख्या ठरलेल्या जागी घिरट्या. वेळापत्रकातल्या सव्वा तासात जमिनीवर धावपट्टीपर्यंत सरपटत जाणंही धरलेलं असतं. हवेत विमान तासभरही नसतं.

आता खरा हिशेब. मध्य लंडनहून हीथ्रो अर्धा-पाऊण तास. दोन तास आधी हजेरी. सव्वा तास उड्डाण. शार्ल द गोल विमानतळावर पासपोर्टची रांग आणि बॅगा. तिथून ‘आरईआर बी’ लोकलने गार द्यू नोरला, म्हणजे ट्रेन जिथे पोचते त्या पॅरिसच्या स्टेशनला, आणखी अर्धा तास. झाले पाच तास. तिकीट ल्यूटन विमानतळावरून असेल तर विचारूच नका, ते लंडनच्या मध्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे.

ट्रेनचा रूळ ४९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अंतर जास्तच. तरी युरोस्टार ही ट्रेन साधारण २ तास २० मिनिटांत नेते: उघड्यावर ताशी ३००, समुद्राखालच्या ५० किलोमीटरच्या बोगद्यात १६०. १९९४ मध्ये ती लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून सुटायची आणि तीन तास घ्यायची. २००७ मध्ये ब्रिटनच्या बाजूचा वेगवान मार्ग पुरा झाला आणि ती सेंट पँक्रास स्टेशनला आली. तिथेही तास-सव्वा तास आधी जावं लागतं, पण फ्रेंच पोलीस तुमचा पासपोर्ट लंडनच्या स्टेशनातच तपासतात. (फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा आपल्याला वेगळा लागतो, ब्रिटनचा चालत नाही.) पॅरिसला उतरलात की बॅग ओढत थेट रस्त्यावर. पाण्याची बाटलीही कुणी काढून घेत नाही.

विमान कधी घ्यावं? मुंबईहून हीथ्रोला उतरून त्याच दिवशी पुढे पॅरिसला जायचं असेल, किंवा मुक्कामच हीथ्रोजवळच्या हाउन्स्लोला नातेवाइकांकडे असेल तेव्हा. आणि ऐनवेळी तिकीट काढताय तर दोन्हींचे दर बघा. युरोस्टार तेव्हा भलती महाग पडते, तेवढ्यापुरतं त्या मेसेजचं म्हणणं चुकीचं नाही.