नक्की ना, जावईबापू?

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी बुद्धिबळ शिकायला घेतलं. त्याआधी मला बुद्धिबळ 'येत होतं'. म्हणजे घोडा अडीच घरं, उंट तिरका, हत्ती सरळ आणि वजीर मन मानेल तसा, एवढं ठाऊक होतं. बाराखडी येते म्हणून कुणी स्वतःला कवी म्हणवून घेत नाही. बुद्धिबळात मात्र ही सवलत सगळेच घेतात.

माझी सवलत सासऱ्यांनी पहिल्याच डावात काढून घेतली. नाना आमच्याकडे राहायला आले ते पट बगलेत मारूनच. पांढरी मोहरी त्यांच्याकडे होती. त्यांनी लवकरच उंट काढला, मागोमाग वजीर काढला. मला वाटलं, वयोमानानुसार नाना गडबडले. राजाशेजारच्या उंटासमोर एक प्यादं असतं, ज्याला सुरुवातीला राजाखेरीज कुणाचाच जोर नसतो, हे मला चौथ्या चालीला कळलं. पाचवी चाल झालीच नाही.

"पुन्हा मांडू?" नाना म्हणाले. गेलं वर्षभर आम्ही पुन्हा मांडतोच आहोत.

माझा आजार मला लवकर सापडला, पण औषध सापडलं नाही. हात मोहऱ्यावर असेपर्यंत मला काहीही दिसत नाही. बोट सुटलं की सगळं लख्ख दिसतं. दहा मिनिटं एकाच जागी उभा असलेला समोरचा उंट आत्ताच गाडीतून उतरल्यासारखा वाटतो. त्यात नाना स्पर्धेच्या नियमांचे कट्टर. आपल्या मोहऱ्याला हात लावला की तोच हलवायचा. नुसता घरात नीट बसवायचा असेल तर हात लावण्याआधी तसं सांगायचं. या पळवाटेवर मी काही दिवस काढले. वजिराकडे हात न्यायचा, शंका आली की म्हणायचं, "नीट ठेवतोय." तिसऱ्या दिवशी नाना शांतपणे म्हणाले, "जावईबापू, वजीर आता पुरेसा नीट झालाय."

त्यांचं खरं हत्यार मात्र वेगळंच. मी चाल करायला मोहरा उचलला की ते चष्म्यावरून बघत विचारतात, "नक्की ना?" सुरुवातीला मी हा इशारा समजायचो आणि बेत बदलायचो. उचललेला मोहरा बदलता येत नाही, पण घर बदलता येतं. मी बदलायचो आणि मरायचो. मग लक्षात आलं की नाना हे प्रत्येक चालीला विचारतात. चांगल्या चालीलाही. चांगल्या चालीला तर जरा जास्तच काळजीने.

म्हणून अभ्यासाला लागलो. पंधरा दिवस रोज रात्री जागून सिसिलियन बचाव पाठ केला, काळ्याच्या बाजूने, फाट्यांसकट. रविवारी काळी मोहरी मागून घेतली. सिसिलियन खेळायचं तर समोरच्याने आधी राजापुढचं प्यादं दोन घरं ढकलावं लागतं. नानांनी वजिरापुढचं ढकललं. पंधरा रात्री एका चालीत गेल्या. दोघांची एकेक चाल झाली की पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती संभवतात. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९५० साली संभाव्य डावांचा अंदाज मांडला होता, एकावर १२० शून्यं. एवढ्या अफाट पसाऱ्यातून माझ्या वहीत नसलेली वाट नानांना कशी सापडते, हे शॅनननेही सांगितलेलं नाही.

हरलेला डाव मी रात्री मोबाइलला दाखवतो. १९९७ मध्ये विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवायला डीप ब्लू नावाचा अवाढव्य संगणक लागला होता. आता त्याहून तगडं बुद्धिबळ खिशात मावतं आणि माझ्या चालींपुढे दोन-दोन प्रश्नचिन्हं काढत बसतं. एका प्रश्नचिन्हाचा अर्थ चूक, दोनांचा अर्थ घोडचूक. एकदा मला उद्गारचिन्ह मिळालं होतं. बायकोला उठवून दाखवलं.

प्रगती झालीच नाही असं मी म्हणणार नाही. पूर्वी मी नुसता हरायचो. आता 'फोर्क'मध्ये (एकाच मोहऱ्याचा दोघांवर हल्ला) हरतो, 'पिन'मध्ये (पुढचा हलला की मागचा मोठा मरतो) हरतो, आणि हरताना प्रकाराचं नाव सांगू शकतो. खेळाडूंचं मानांकन ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते आर्पाद ईलो भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या हिशोबाने ४०० गुणांनी सरस असलेल्या खेळाडूने अकरा डावांत साधारण दहा गुण मिळवावेत. नानांचं आणि माझं अंतर कुणी मोजलेलं नाही. पण तो उरलेला अकरावा गुण माझ्याकडे यायचा होता.

तो गेल्या रविवारी दारापर्यंत आला. फोनवर बोलता बोलता नानांनी हत्ती बिनजोर सोडला. मी तो घेतला आणि पुढे तासभर अक्षरशः हातांवर बसून खेळलो. आधी डोळे, मग हात. शेवटी माझं एक प्यादं पलीकडे पोचून वजीर झालं, आणि नानांकडे उरला एकटा राजा. वजीर आणि राजा मिळून एकट्या राजाला अचूक खेळाने फार तर दहा चालींत मात देतात. मला एकवीस झाल्या होत्या, पण राजा कोपऱ्यात शिरला होता. बायको दारात येऊन उभी राहिली. मी वजीर उचलला.

"नक्की ना, जावईबापू?"

वर्षभराचा अनुभव गाठीशी होता. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नक्की!" म्हणालो आणि वजीर ठेवला.

बोट सुटलं. वजीर कोपऱ्यातल्या राजापासून बरोबर अडीच घरांवर होता, घोड्याच्या चालीने. शह नव्हता. राजाला जायला घर नव्हतं. नानांकडे हलवायला दुसरं काही नव्हतं. डाव बरोबरीत.

"जिंकलास ना रे?" बायकोने विचारलं.

मी काही बोललो नाही. नाना मोहरी पुन्हा मांडू लागले होते.

"या वेळी," ते म्हणाले, "मी मनापासून विचारलं होतं."