धरण फुटलं, पूर ओसरला, संपलं? देवळालीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

उत्तराला चार दिवस लागले, माफ करा. तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत वाटेला लावणं बरं वाटेना, म्हणून ही वेगळी नोंद. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: रशिया-युक्रेन युद्धात फुटलेल्या, नीपर नदीवरच्या काखोव्का धरणाबद्दलच्या माझ्या लेखावर देवळाली कॅम्पच्या एका निवृत्त तोफखानेवाल्या काकांनी मला झापलंय. ते म्हणतात, इथे नाशिकच्या नासर्डी नदीचं गटार झालंय, गोदेवर फेस येतोय, आणि तुम्ही युक्रेनच्या नदीसाठी गळा काढताय. युद्धात माणसं मरतात, तिथे पाण्याचं काय घेऊन बसलात? एकाहत्तरला आम्ही तोफा चालवल्या, तेव्हा पाण्याचा विचार कोणी केला नाही. धरण फुटलं, पूर ओसरला, संपलं.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘नीपर नदी मेली’ हे वाक्य भडक होतं. नदी मेली नाही. रिकाम्या झालेल्या जलाशयाच्या तळावर वर्षभरातच विलोचं, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडाचं, माणूस बुडेल एवढं रान माजलं. ते वाक्य मी खोडलंय.

पण ‘संपलं’ कसं म्हणू? काखोव्का ६ जून २०२३ ला फुटलं. त्या जलाशयात सुमारे १८ अब्ज घनमीटर पाणी मावायचं, आपल्या मापात ६३० टीएमसीच्या वर. म्हणजे सहा जायकवाड्या. (जायकवाडीचं नाव काढलं की नाशिककराच्या कपाळाला आठी पडते, माझ्याही. पण माप म्हणून दुसरं सुचत नाही.) पूर काही दिवसांत उतरला. त्यानंतर काय झालं, ते गंगापूरच्या कालव्यावर शेती असलेल्या माणसाला मी सांगायला नको. दक्षिणेकडच्या कालव्यांची तोंडं कोरडी पडली. खेरसनचं कलिंगड तिकडे आपल्या द्राक्षासारखं नावाजलेलं, तेही याच पाण्याच्या टापूतलं. पिण्याच्या पाण्याची झळ ७ लाख माणसांना बसेल, असं संयुक्त राष्ट्रांनी तेव्हा सांगितलं होतं.

याहून जुनं उदाहरण चीनचं. जून १९३८ मध्ये जपानी फौज अडवायला चीनच्याच सरकारने हुआयुआनकौला पीत नदीचा बांध फोडला. माणसं आपली, बांध आपला, पाणी आपल्याच गावांत. काही लाख लोक गेले. आणि नदी जुन्या पात्रात परतली ती थेट १९४७ मध्ये. नऊ वर्षं, काका.

आता तुमचा खरा मुद्दा, माणसं की पाणी. १९९१ च्या आखाती युद्धात बगदादच्या जलशुद्धीकरण केंद्रांवर बॉम्ब टाकायची फारशी गरजच पडली नाही. वीजकेंद्रं पाडली, पंप थांबले. मैलापाणी शुद्ध करणारी यंत्रणा बंद पडली आणि ते पाणी तसंच टायग्रिसमध्ये गेलं. नळाला पाणी नाही म्हणून लोकांनी तीच नदी हंड्यात भरून घरी नेली. मग हगवण, विषमज्वर, कॉलरा. लहान पोरं त्यात जास्त. ही माणसं युद्धातच मेली ना? पण गोळीने नाही, म्हणून ती मोजताना मागे राहतात.

पूर्व युक्रेनमधल्या दोनबासमध्येही हेच. तिथल्या कोळशाच्या खाणींतून अखंड पाणी उपसावं लागतं. लढाईत कुठे वीज गेली, कुठे पंप बंद पडले, आणि खाणीतलं खारट, लोहाळलेलं पाणी वर चढायला लागलं. युनकोम नावाच्या खाणीत तर सोव्हिएत काळात, १९७९ मध्ये, जमिनीखाली अणुस्फोट केला होता. तिचाही उपसा २०१८ मध्ये बंद झाला.

म्हणून नासर्डी सोडून नीपरकडे पळालो, हे मला मान्य नाही. आपल्याकडे शनिवारी दुरुस्ती निघते, ‘रविवारी पाणी कमी दाबाने येईल’ अशी बातमी येते आणि शुक्रवारी रात्रीच बादल्या, पिंप, कुकरसुद्धा भरून ठेवतो आपण. तो शनिवार दोन वर्षं चालला तर? तपोवनातलं मलनिस्सारण केंद्र विजेवरच चालतं. शांततेच्या काळात, वीज असताना, गोदेवर फेस आहे. त्या फेसावर मी लिहीनच, तुम्ही म्हणता त्याहून कडक लिहीन. पण दोन्ही गोष्टी एकाच पंपापाशी येऊन थांबतात.

आणि सैनिक पाण्याचा विचार करत नाहीत, हे तुम्ही कसं लिहिलंत याचं नवल वाटलं. पासष्टला खेमकरणला शेतांत पाणी सोडून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतवले ते कोणी? आपल्याच लोकांनी. फार मागे जायचं तर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आहे. गड बांधताना आधी पाणी बघा, आणि गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, टाकी खोदा, असं ते सांगतात. कारण? लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. तोफेच्या धक्क्याने झरा खरंच आटतो का, हे भूगर्भवाले सांगतील; पण पाणी आणि तोफ ही जोडी तीनशे वर्षांपूर्वी कागदावर आलीय. आपल्या नाशिकजवळच्या रामशेज गडावरची कातळातली टाकी आठवा. औरंगजेबाच्या फौजेला त्या एवढ्याशा गडाने पाच-सहा वर्षं दमवलं, त्यात किल्लेदार आणि मावळ्यांइतकाच मान मी त्या टाक्यांना देतो.

एक विचारायचं राहिलं. एकाहत्तरला तुमची तोफ जिथे लावली होती, तिथे तुमच्या तुकडीला पाणी कुठून यायचं? टँकर, की गावातली विहीर? आणि विहीर असेल तर गावकरी तेव्हा कुठलं पाणी पीत होते? आठवत असेल तर सविस्तर लिहा, काका. खाली मावलं नाही तर मला मेल करा, तुमच्या परवानगीने वेगळी नोंद करून टाकतो.