स्पीडपेंटला तयारी लागत नाही म्हणे? उलट जास्त लागते

खेळातले छोटे प्लास्टिकचे सैनिक, म्हणजे मॉडेल, रंगवायच्या स्पीडपेंट नावाच्या रंगाबद्दल दोन-तीन आठवड्यांपासून एक मेसेज सगळीकडं फिरून राहिला. "मॉडेल धुवायची, घासायची झंझट संपली. कोणताही काळा स्प्रे मारा, वरून पांढरा ब्रश फिरवा, स्पीडपेंटचा एक हात द्या, 10 मिनिटांत मॉडेल तयार." आमच्या गावातल्या दोन पोट्ट्यांनी हे वाचून पैसे जमवले, रंग मागवले अन् पहिलेच सहा सैनिक खराब केले. कुरिअर इकडं यायला आठ-आठ दिवस लागतात, त्यांची तोंडं पाहून मलेच वाईट वाटलं.

रंगात खोट नाही. 2019 मध्ये गेम्स वर्कशॉप कंपनीचे असेच कॉन्ट्रास्ट रंग आले, मग 2022 मध्ये आर्मी पेंटर कंपनीचं स्पीडपेंट. रंग पातळ अन् पारदर्शक, खाचेत साचतो तिथं गडद, उंचवट्यावरून उतरतो तिथं फिका, म्हणून एकाच हातात सावली-उजेड दोन्ही मिळतात. पण पारदर्शक रंग काहीच झाकत नाही, अन् मेसेजवाला नेमकं हेच विसरला.

आता "घासायची गरज नाही" हे पाहा. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाले आपण लांबी भरतो, पॉलिश पेपर मारतो, वरून ऑइलपेंटचे दोन जाड हात देतो, त्यात बारीकसारीक चूक दबून जाते. इथं उलटं होते. त्या पोट्ट्यांच्या एका सैनिकाच्या झग्यावर खांद्यापासून खालपर्यंत साच्याची शिवण होती, केसाएवढी, हाताले लागत पण नव्हती. लाल रंग दिला तर तो शिवणीच्या दोन्ही बाजूंनी साचला अन् मधात फिकी रेघ, जसा काही झगा उसवला. कटरच्या पात्याची मागची बाजू हलक्या हातानं खरवडली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. सांध्यातल्या फटीचं पण तसंच, थोडं एमसील भरा अन् ओल्या बोटानं सारखं करा.

"धुवायची गरज नाही." प्लास्टिकवर साच्याचं तेलकट राहू शकते, कोमट पाणी, भांड्याचा साबण अन् जुना टूथब्रश पुरे. थ्रीडी प्रिंटचं रेझिन असेल तर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुणं अन् यूव्हीनं पक्कं करणं टाळूच नका, नाही तर मॉडेल चिकट राहते अन् रंग त्यावर नीट बसत नाही. यूव्ही दिवा नसला तर आपलं ऊन आहेच. ग्लोव्हज घाला, अन् धुतलेलं अल्कोहोल नालीत ओतू नका.

"कोणताही स्प्रे" हा सल्ला सगळ्यात महागात पडतो. हार्डवेअरच्या दुकानातला गेट रंगवायचा स्प्रे जाड बसतो, डोळे-बोटं बुजून जातात, अन् काही स्प्रेमधलं थिनर प्लास्टिकच खाते. मॉडेलचाच मॅट प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, घ्या. प्रायमर नसला तर पातळ रंग धोप्याच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन पळतो. अन् आपल्याकडं मे महिन्यात 45 डिग्रीत दुपारी स्प्रे माराल तर थेंब हवेतच वाळतो, मॉडेलवर रवाळ पावडर बसते, मग प्रत्येक कणाभोवती रंग साचतो. सकाळी सहा-साडेसहाले मारा, डबा दोन मिनिटं चांगला हलवा, 20-25 सेंटिमीटरवरून बारीक झटके द्या. भर पावसाच्या दमट दिवशी तर मारूच नका, पांढुरकी बुरशीसारखी झाक येते. दिवाळीनंतर घरात कापूस साठवलेला असला तर त्या खोलीत रंगवणंही नको, स्पीडपेंटसारखे रंग बराच वेळ ओले राहतात अन् तेवढ्यात रुईचे तंतू येऊन चिकटतात.

"काळ्यावर पांढरा ब्रश" हे अर्धं खरं आहे, मी पण करतो. पण जिथं काळं राहिलं तिथं पारदर्शक रंग दिसतच नाही, पिवळा तर मळकट हिरवट दिसते. आधी करड्या रंगाचा ब्रश सगळीकडून, मग पांढरा फक्त वरून, दुपारचं ऊन पडते तसा. ब्रश पुठ्ठ्यावर इतका पुसा की अंगठ्याच्या कातडीवर फक्त रेषा उमटल्या पाहिजेत. ओला राहिला तर खडूसारखे पट्टे पडतात अन् तेही रंगाखालून दिसतात. चेहरा, पिवळं, फिकं कापड असेल तर मी सरळ पांढऱ्या प्रायमरवरच करतो.

"एक हात, 10 मिनिटं" म्हणाल तर रंग लावायचा वेळ तेवढाच, कबूल. पण वाळू द्या. पहिल्या स्पीडपेंटवर वाळल्यानंतरही ओला ब्रश फिरला की रंग सुटायचा, 2023 च्या 2.0 मध्ये ते सुधारलं, त्यामुळं जुनी बाटली कोणी स्वस्तात देत असेल तर आधी लेबल वाचा. अन् सपाट पत्र्यासारख्या भागावर डाग पडतातच, तिथं साधा रंग वापरा.

ज्यांचे आधीच खराब झाले त्यांनी फेकू नका. प्लास्टिकचं मॉडेल काही तास आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा अन् टूथब्रशनं घासा, ॲक्रिलिक बहुतेक निघून येते. त्या पोट्ट्यांचे सहापैकी चार सैनिक असेच निघाले, आता शिवणी खरवडून राहिले.