शाल दिली, माईक नाही दिला

आज विजय दिवसाचा कार्यक्रम होता. १९७१ च्या लढाईतले एक आजोबा स्टेजवर बसवले होते. छातीवर पदकं, हातात काठी. शाल, श्रीफळ, फोटो. मग पाहुण्यांचं पाऊण तास भाषण. आजोबा दोनदा माईककडे बघून सावरून बसले. कुणी "बोला आजोबा" म्हटलं नाही. कार्यक्रम संपला, त्यांना गाडीत बसवून दिलं.

घरी आल्यापासून डोकं फिरलंय.

आमचे नाना, आईचे चुलते, त्याच लढाईत होते. एकदा रात्री ओसरीवर आपणहून बोलायला लागले. पाय इतके सुजले होते की बूट निघेनात, ब्लेडनं कापून काढले. आणि शेजारी पडलेल्या जोडीदाराचं नाव सांगितलं. गाव, बापाचं नाव, सगळं. माझा फोन हातातच होता. म्हटलं, नाना, पुढच्या सुट्टीत नीट रेकॉर्ड करू.

पुढच्या सुट्टीला नाना नव्हते. त्यांची ट्रंक घरच्यांनी भंगारात घातली, आतल्या आंतर्देशीय पत्रांसकट.

तेव्हा विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. अजून कशाची वाट बघायची? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात गेलेली आपली ४६ माणसं विसरली नाहीत. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिकडे मोंटोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभं आहे. परक्या गावानं जपलं हो! आणि आपल्याला समोर बसलेल्या म्हाताऱ्याला दहा मिनिटं देता येत नाहीत.

काहींना बोलायचं नसतं, जुनं उकरलं की त्रास होतो. मान्य. नानाही वर्षानुवर्षं गप्पच होते. पण ज्या रात्री बोलले त्या रात्री समोर मी होते, आणि मी सुट्टीचं बोलले.

राग खरं तर त्या पाहुण्यांवर नाहीच.

रविवारी त्या आजोबांकडे जातेय. फोन चार्ज करून, वही घेऊन. कुणी येणार असाल तर या. दोघं-तिघंच, गर्दी नको. त्यांच्या बायकोलाही विचारायचंय, लढाईचे ते तेरा दिवस घरी कसे काढले.

संध्याकाळपासून नानांच्या त्या जोडीदाराचं नाव आठवायचा प्रयत्न करतेय. 'द'वरून होतं एवढंच येतंय. आईला विचारलं, मामाला फोन केला. कुणालाच माहीत नाही.