चौथा दिवस रिकामा आहे

"सर, हा चौथा दिवस रिकामा आहे."

व्हिसा केंद्रातल्या काचेपलीकडच्या मुलीने आमच्या वेळापत्रकावर पेनाचं टोपण टेकवून हे वाक्य म्हटलं, त्याला आता दीड दिवस झाला. आंघोळ करताना मला अजून तिला द्यायची उत्तरं सुचताहेत. एकाहून एक सरस. त्या वेळी मात्र मी इतकंच म्हणालो, "तो आरामाचा आहे."

"आराम कुठे करणार?"

"हॉटेलात."

"हॉटेलचं बुकिंग दिसतंय सर. ॲक्टिव्हिटी काय?"

"आराम."

पेट्रोल पंपावर सायकल घेऊन आलेल्या माणसाकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "रिकामं चालत नाही सर, डे-वाइज लागतं. त्या कोपऱ्यात टायपिंग आहे, तिकडून करून आणा. टोकन हेच चालेल."

'टोकन हेच चालेल' हे तिने इतक्या उपकाराच्या सुरात सांगितलं की मी चक्क थँक्यू म्हणालो. त्याचा राग वेगळा आहे.

तर इटली. आई, बायको, मुलगी आणि मी. रोमला चार रात्री, फ्लॉरेन्सला दोन, व्हेनिसला दोन आणि मग सात रात्रींची क्रूझ. आठ वर्षांपूर्वी आम्ही ग्रुप टूरने युरोप 'केला' होता. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. पिसाच्या मनोऱ्यापाशी चाळीस मिनिटं मिळाली, त्यातली पंचवीस स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. तो मनोरा आणखी कलू नये म्हणून त्यांनी १९९० पासून २००१ पर्यंत लोकांना बंद ठेवला होता. अकरा वर्षं! दगडाला सवड मिळते. तेव्हाच बसमध्ये बसून ठरवलं होतं की पुढच्या वेळी जायचं ते निवांत. चौथ्या दिवशी काही म्हणजे काही नाही. खिडकीत बसायचं, खालून जाणारी माणसं बघायची, कॉफी प्यायची, परत खिडकीत बसायचं. सगळ्या वेळापत्रकात तेवढा एक चौकोन माझा होता. बाकीचे तिघींनी भरले होते.

फाइल बघा माझी. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, ३०,००० युरोचा प्रवासविमा, जायची-यायची तिकिटं, ऑफिसचं ना-हरकत पत्र. त्या पत्रात आमच्या साहेबांनी आपण होऊन एक ओळ वाढवली आहे : 'यांच्या अनुपस्थितीत कामकाजावर कोणताही परिणाम होणार नाही.' सत्तावीस वर्षं नोकरी केल्यावर हे वाचायचं, वर त्याच्या दोन प्रती स्वतःच काढून जोडायच्या. माणशी ९० युरो फी, २०२४ पर्यंत ती ८० होती, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. हे सगळं कशासाठी, तर आम्ही तिकडे जाऊन आमचेच पैसे खर्च करू आणि परत येऊ, याची खात्री पटावी म्हणून. इटलीतला माणूस वेरूळ बघायला निघाला की घरी सोफ्यावर बसून फॉर्म भरतो, फोटो आणि पासपोर्टचं पान चढवतो, पैसे भरतो आणि ई-व्हिसा मिळवतो. त्याच्या मॅनेजरला कोणी विचारत नाही की हा नसला तर तुमचं अडेल का. असो. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

टायपिंगचा कोपरा म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एका कानात इअरफोन घातलेला पोरगा. पानाला पन्नास रुपये. बाहेर फुटपाथवर दोन रुपयांत पान निघतं, पण बाहेर पडलं की पुन्हा रांग, पुन्हा तपासणी. हे आम्हाला माहीत होतं आणि त्या पोराला तर फारच चांगलं माहीत होतं.

समोरच्या खुर्चीत एक काका आधीच बसले होते. पंचाहत्तरीचे असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला निळं आणि लाल अशी दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. त्यांचा फोटो दोनदा परत आला होता. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, त्यात चेहरा सत्तर ते ऐंशी टक्के, तोंड मिटलेलं, हसायचं नाही.

"मी हसत नव्हतो हो," काका ओळखदेख नसताना थेट तक्रारीच्या मधोमध शिरले. "कवळीच तशी बसलीय. तुम्हाला कशाबद्दल पाठवलं?"

"एक दिवस रिकामा निघाला."

"बघू."

कागद माझ्या हातातून त्यांच्या हातात कधी गेला ते मला कळलं नाही. लाल पेन बाहेर आलं. काका एसटीत एकतीस वर्षं होते, त्यातली शेवटची बारा वाहतूक नियंत्रक म्हणून. मुलगा इटलीतच तोरिनोला असतो, त्याच्याकडे निघाले होते. ही माहिती त्यांनी कागदावरून नजर न काढता दिली.

"हे शेड्यूल कोणी केलं?"

"मीच."

"तरीच. अहो, गाडी रिकामी उभी आहे असं कागदावर कधी दाखवायचं नसतं. दाखवलं की वरून फोन येतो, का उभी आहे? आता तीच गाडी, त्याच जागी उभी, ड्रायव्हर आत झोपलेला, पण वर लिहायचं 'मुक्काम'. कोण विचारतं? मुक्काम ही ड्यूटी असते. आराम ही चूक असते."

खरं सांगतो, गेल्या वर्षभरात इतकं शहाणपणाचं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. मी पोराला म्हणालो, "रेस्ट काढ. हॉल्ट टाक."

"थांब रे," काका म्हणाले. "हॉल्ट रात्रीचा. दिवसा हॉल्ट म्हणजे ब्रेकडाऊन. दिवसा तुम्ही बसणार कुठे, ते लिहा."

रोममध्ये बसायची जागा म्हटल्यावर मला एकच आठवली. "स्पॅनिश स्टेप्सवर बसू."

"तिथे बसायला बंदी आहे. सूनबाईने सांगितलंय. २०१९ पासून. शिट्टी मारून उठवतात, नाही ऐकलं तर दंड, ४०० युरोपर्यंत."

"पायऱ्यांवर बसायचं नाही?"

"नाही."

"मग त्या बघायला लोक जातात कशाला?"

"उभ्याने बघतात," काका म्हणाले आणि पोराला सांगितलं, "टाक. स्पॅनिश स्टेप्स, उभ्याने, पंधरा मिनिटं."

पोराने खरंच टाकलं. मी हात वर केला होता, पण पान त्याचं होतं, की-बोर्ड त्याचा होता आणि लाल पेन काकांचं. मग काकांची नजर क्रूझवर गेली.

"जहाज कुठून सुटतं?"

"व्हेनिसहून. म्हणजे, रावेन्नाहून."

"व्हेनिसहून की रावेन्नाहून?"

इथे मी अडकलो, कारण याच प्रश्नावर घरी आठवडाभर वाद झाला आहे. २५,००० टनांवरच्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसमधल्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. चांगलंच झालं, त्या घरांच्या मानाने ती जहाजं म्हणजे गल्लीत घुसलेला हत्ती. पण मोठी जहाजं आता भलत्याच बंदरातून सुटतात आणि माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात तरीही 'व्हेनिस' असतं. खरं गाव कंसात. रोम (चिवितावेक्किया). फ्लॉरेन्स (लिव्होर्नो). बिल्डरच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असतं, त्याच जातीचा कंस. व्हेनिसपासून आमचा कंस दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तिकिटावर ठाणे लिहायचं आणि जहाज पकडायला नाशिकला जायचं.

काकांना यात काही गैर वाटलं नाही. "एसटीत पण असंच आहे. बोर्ड गावाचा, थांबा फाट्यावर." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मधे कुठे उतरलात, उशीर झाला, तर थांबतात का?"

"आपले आपण फिरायला गेलो तर नाही थांबत. सुटायच्या अर्धा-एक तास आधी सगळे वर हवेत. शिडी काढतात आणि जातात."

"प्रवासी खाली राहिला तरी?"

"तरी. पुढच्या बंदरापर्यंत त्याने स्वखर्चाने यायचं."

काका मागे टेकले. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांनी पेन खिशाला लावलं. "एकतीस वर्षं," ते म्हणाले, "एकतीस वर्षं मी हेच सांगत होतो. दोन मिनिटं थांबा, बाबा येतायत. एक मिनिट थांबा, पिशवी राहिली. कंडक्टर बेल मारतो, मधेच कोणाची तरी आत्या." त्यांचे डोळे पाणावले होते की प्रिंटरची उष्ण हवा लागत होती, मला सांगता येणार नाही. "ही कंपनी चालणार."

वाटेत माँटेनिग्रोतलं कोतोर लागतं आणि ते शेंगेनमध्ये नाही. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर तिथे पोचताच तो संपतो, म्हणून आम्ही अनेकदा प्रवेशाचा मागितला आहे. हे मी सांगितलं तेव्हा काकांनी हात झटकला. "हद्द सोडली की पास संपला. त्यात काय समजवायचंय?" मला हे समजायला दोन रविवार लागले होते.

एवढ्यात पोरगा कंटाळला. "काका, माझ्याकडे रोम डे फोर रेडी आहे. टाकू?"

कोणाचं रेडी, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन बटणं दाबल्यावर माझा रिकामा चौकोन तळापर्यंत भरला. पँथिऑन, पियाझ्झा नव्होना, ट्रेव्ही कारंजं, बोर्गेझे गॅलरी, बोर्गेझे बाग. काकांनी स्क्रीनला नाक लावून वेळा तपासल्या.

"पँथिऑन ते नव्होना चालत किती?"

"पाच-सात मिनिटं असतील."

"बारा धरा. आई बरोबर आहेत ना तुमच्या? आणि या गॅलरीत काय, दोनच तास?"

"दोन तासांचीच वेळ मिळते. आधी नोंदवावी लागते. वेळ संपली की बाहेर."

"शिस्त आहे," काका समाधानाने म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी पोराकडून २ वाजून १० मिनिटांनी एक ओळ घालून घेतली : चहापाणी, २० मिनिटं. ही एवढी एक गोष्ट त्या अख्ख्या इमारतीत माझ्यासाठी कोणी आपुलकीने केली, म्हणून काकांवर मला धड रागावताही येत नाही.

शंभर रुपये झाले. एक पान दोन ओळींनी पुढे गेलं, म्हणून दोन पानं.

काचेपलीकडच्या मुलीने ती वाचली नाहीत. वाचली नाहीत म्हणजे अजिबात नाहीत. अंगठ्याने चौथ्या दिवसाची जाडी बघितली, स्टेपल मारलं आणि म्हणाली, "आता परफेक्ट आहे सर." मी परत थँक्यू म्हणालो. काका तिसऱ्यांदा फोटोच्या पडद्यासमोर बसले होते, ओठ हाताने ओढून धरून. फोटोवाला म्हणत होता, "हात काढा काका." जाताना मी हात केला तर त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

पानं कुणी वाचली असतील तर ती घरी, मुलीने. ठळक आवाजात, जेवताना.

"बाबा, सहा वाजता बोर्गेझे बागेच्या तळ्यात 'रोमँटिक बोट राइड फॉर द न्यूली वेड कपल' असं लिहिलंय. आठ वाजता कँडललाइट डिनर फॉर टू. आपण चौघं आहोत ना?"

म्हणजे इटलीच्या वकिलातीत या क्षणी असा एक अर्ज पडला आहे, ज्यात पन्नाशीचा एक माणूस आपली शहात्तर वर्षांची आई आणि एकोणीस वर्षांची मुलगी घेऊन मधुचंद्राला निघाला आहे. मला वाटलं, आता तरी कोणीतरी माझ्या बाजूने बोलेल. बायको म्हणाली, "लिहून दिलंय ना तिकडे? मग करायलाच हवं. उद्या एअरपोर्टवर विचारलं तर?" मी सांगितलं की एअरपोर्टवर असं कोणी विचारत नाही. ती म्हणाली, "चौथा दिवस रिकामा का, असं तरी कोणी विचारतं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरण वाढून होईपर्यंत मुलीने बोर्गेझेची वेळ नोंदवून टाकली होती, अकरा वाजताची. पैसे परत मिळत नाहीत. ते कुठेच मिळत नाहीत.

आईने कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि बोटाने वेळा खालपर्यंत वाचत गेली. इंग्रजीचं तिला अडत नाही, शाळेत मुख्याध्यापिका होती. २ वाजून १० मिनिटांवर बोट थांबलं.

"एवढ्यात मी जरा पडेन," ती म्हणाली. "बाकी तुमचं काय ते बघा. आराम काय मी जहाजात करीन. सात दिवस खिडकीशी बसायचं, पाणी बघायचं, दुसरं मला काही नको."

आम्ही तिघांनी एकाच वेळी आपापल्या ताटाकडे बघितलं. खिडकीच्या केबिनचे पैसे जास्त पडत होते म्हणून आम्ही दोन्ही केबिन आतल्या घेतल्या आहेत. आतल्या केबिनला खिडकी नसते, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.